जनावर मुके नसते



प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील हे पंचशीलातील पहिले शील होय. विहारात, लग्नकार्यात, नामकरणात, पुण्यानुमोदनाच्या वेळी ते आपल्या तोंडी असते. पण 'मी मारणार नाही' एवढ्यावर हे शील संपते काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांना सांभाळण्याचीही प्रतिज्ञा आहे. ज्याला सांभाळायचे त्याला काय दुखते, काय हवे, तो काय सांगतो आहे, हे आधी कळले पाहिजे. समजून न घेता केलेली दया आंधळी असते. म्हणून आज आपण एकच प्रश्न विचारात घेऊ. माणूस आणि जनावर एकमेकांना कसे ओळखतात, एकमेकांपासून काय शिकतात आणि त्यातून नव्या बौद्ध कुटुंबाने काय घ्यावे?

आपण जनावराला 'मुके' म्हणतो. हा शब्द मायेने वापरला जातो, पण तो खरा नाही. खेड्यातील आपल्या माताभगिनींना विचारा. आकाशात घार दिसली म्हणजे कोंबडी एक आवाज काढते आणि मुंगूस किंवा मांजर दिसले म्हणजे निराळा आवाज काढते. पहिला आवाज ऐकून पिल्ले जागच्या जागी दबून बसतात. अभ्यासकांनीही हे दोन आवाज वेगळे असल्याचे तपासून सांगितले आहे. रात्रीच्या वेळी गाडीवान गाडीत झोपी गेला तरी बैल घरची वाट धरतात. गाईची धार काढणाऱ्याने तिला मारले, घाबरवले तर ती दूध चोरते, असे आपण म्हणतो. वास्तविक ती चोरत नाही. भीतीमुळे तिच्या शरीरात पान्हाच अडतो. तिच्या मनात काय आहे ते तिचे शरीर सांगते, आणि आपण मात्र तिला चोर ठरवून मोकळे होतो.

जशी जनावरे बोलतात, तशीच ती आपल्याला न्याहाळतातही. कुत्र्याला बोट दाखवून 'तिकडे भाकर आहे' असे सुचवले तर तो बोटाच्या दिशेने जातो. ही साधी गोष्ट नाही. आपल्याला सर्वांत जवळचा प्राणी म्हणजे चिंपांझी वानर. त्यालाही ती इतक्या सहज साधत नाही. किमान १५,००० वर्षे कुत्रा माणसाच्या सोबतीने राहिला आहे आणि ह्या सोबतीत तो माणसाचा हात, डोळा, आवाज वाचायला शिकला. तेव्हा शिकवणारा माणूस आणि शिकणारे जनावर, एवढेच हे नाते नाही. दोघेही एकमेकांना पाहत असतात.

ह्याविषयी मज्झिम निकायातील कन्दरक सुत्तात एक मोलाचा प्रसंग आहे. चंपा नगरीजवळ गग्गरा तळ्याच्या काठी भगवान बुद्ध भिक्षुसंघासह राहत होते. तेथे पेस्स नावाचा एक माहुताचा मुलगा आला. हत्ती वळवणे, शिकवणे हा त्याचा धंदा. तो तथागतांना म्हणाला की, माणूस हा मोठा गुंता आहे, जनावर मात्र उघडे आहे. हत्तीवर बसून चंपेपर्यंत जाऊन परत येईपर्यंत तो हत्ती आपले सारे हट्ट, साऱ्या लबाड्या दाखवून मोकळा होतो. पण आमच्या घरचे दास, निरोपे आणि नोकर शरीराने एक करतात, तोंडाने दुसरे बोलतात आणि मनात तिसरेच असते. तथागतांनी पेस्साचे हे बोलणे मान्य केले.

बंधूंनो, हे सुत्त वाचताना आपण क्षणभर थांबले पाहिजे. पेस्साने ज्या दासांविषयी सांगितले, त्यांच्या जागी आपले आजे-पणजे उभे होते. पाटलाच्या वाड्यासमोर ते 'जी मायबाप' म्हणत, कमरेत वाकत आणि मनात काय असे ते मनातच ठेवत. हा त्यांचा स्वभावदोष होता काय? मुळीच नाही. ज्याच्या डोक्यावर सदैव काठी असते तो आपले मन लपवायला शिकतो. माणूस गुंता झाला, कारण माणसाने माणसाला भीती घातली. भीती घालणाऱ्याला समोरच्याचे मन कधीच कळत नाही. पेस्साच्या बोलण्यातून आपण आपल्यापुरता घ्यायचा धडा हा आहे.

आता जनावराला न समजण्याचे दोन मार्ग पाहू. एक अंधश्रद्धेचा आणि दुसरा काठीचा.

जत्रेत देवीपुढे बकरे आणतात. त्याच्या अंगावर पाणी ओततात. बकरे अंग झाडते. लगेच लोक म्हणतात, 'देवीला मानवले, कौल मिळाला', आणि सुरी चालते. अंगावर गार पाणी पडले तर कोणतेही जनावर अंग झाडणारच. ते बिचारे सांगते आहे, 'मला गार वाटते, मी घाबरलो आहे.' आपण त्याचा अर्थ लावतो, 'मी मरायला तयार आहे.' जनावराच्या देहाची भाषा न वाचता आपल्या मनातले त्याच्या तोंडी घालण्याचे ह्याहून भयंकर उदाहरण कोणते?

गावात अजूनही कधी कधी नंदीबैल येतो. 'पोरीचे लग्न यंदा जमेल काय?' असे विचारले की बैल मान डोलावतो. बायाबापड्या सुपात धान्य घेऊन येतात. नंदीवाल्याचे कुटुंबही गावकुसाबाहेरचे जिणे जगत आलेले आहे. त्याला हसू नका. उलट त्याची खरी विद्या ओळखा. हाताच्या हालचालीवर, वाद्याच्या ठेक्यावर, दोरीच्या सूक्ष्म ओढीवर बैलाने मान हलवावी, हे त्याने महिनोन्महिने बैलाच्या सहवासात राहून साधलेले असते. ती विद्या कौतुकास पात्र आहे. पण बैलाला मालकाची खूण कळते, तुमच्या मुलीचे भविष्य कळत नाही.

तुम्ही म्हणाल, ही अडाणी खेड्यातली गोष्ट झाली. तसे नाही. जर्मनीची राजधानी बर्लिन येथे १९०४ साली शिकल्यासवरल्या लोकांची अशीच फसगत झाली होती. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त शिक्षकाजवळ हान्स नावाचा घोडा होता. त्याला बेरीज विचारा, गुणाकार विचारा, तारीख विचारा. तो टापा आपटून अचूक उत्तर देई. मोठमोठे लोक पाहायला येत. एक समिती नेमली गेली. तिने तपासून सांगितले की, ह्यात मालकाची काही लबाडी दिसत नाही.

पुढे ओस्कार फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने धीराने परीक्षा घेतली. त्याने दोन साध्या गोष्टी केल्या. ज्याला उत्तर ठाऊकच नाही अशा माणसाकडून प्रश्न विचारवले, आणि घोड्याला प्रश्न विचारणारा दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा घोड्याचे गणित कोसळले. मग उलगडा झाला. टापा मोजत असताना बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, अंगातला ताण सैल होत असे. घोडा ते टिपून थांबत असे. मालक लबाड नव्हता. आपण खूण करतो हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. खुद्द फुंग्स्टला हे गुपित कळल्यानंतरही स्वतःच्या शरीराची ती हालचाल थोपवता येईना. १९०७ साली त्याने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

ह्या गोष्टीतून दोन बोध होतात. पहिला बोध परीक्षेचा. कालामांना उपदेश करताना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका. हान्स घोड्याचा चमत्कार हजारो डोळ्यांनी पाहिला होता, तरी तो चमत्कार नव्हता. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' एवढ्याने सत्य सिद्ध होत नाही. दुसरा बोध त्याहून खोल आहे. हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस येत होता. माणसाने तोंडाने न सांगितलेले, स्वतःलाही न कळलेले, त्याने पाहिले होते. लोक खोट्या हुशारीची वाहवा करत राहिले आणि खरी हुशारी कोणी पाहिलीच नाही. ह्या दुसऱ्या बोधाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता काठीचा मार्ग. बैलाला पराणी टोचून, आसूड ओढून काम करून घेता येते, हे खरे. पण त्याला काय शिकवले जाते? तो नांगर शिकत नाही, तो पराणी शिकतो. हात उगारलेला दिसला की चालतो, हात खाली गेला की थांबतो. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाची कथा आहे. तथागतांनी स्वतःच त्याला विचारले की, तू घोडे कसे शिकवतोस? लक्षात घ्या, सम्यक संबुद्ध एका घोडे शिकवणाऱ्याला त्याच्या कामाविषयी विचारतात. श्रम करणाऱ्याच्या ज्ञानाचा हा मान आहे. केसी म्हणाला, काहींना सौम्यपणे, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही प्रकारे शिकवतो. आणि कशानेच न शिकणाऱ्याला मारून टाकतो, नाहीतर माझ्या गुरुघराण्याला कमीपणा येईल. मग त्याने उलट विचारले की, आपण माणसांना कसे शिकवता? तथागत म्हणाले, मीही तसेच करतो. परंतु त्यांनी अर्थ पालटला. त्यांचे सौम्य शिकवणे म्हणजे सदाचार आणि त्याची फळे सांगणे. त्यांचे कठोर शिकवणे म्हणजे दुराचार आणि त्याची फळे स्पष्ट सांगणे. आणि त्यांचे 'मारणे' म्हणजे त्या माणसाला उपदेश करणे सोडून देणे. ह्या संपूर्ण शिक्षणात काठी कोठेही नाही. समोरचा कोण आहे, त्याला कोणती रीत लागू पडेल, हे ओळखणे हेच शिक्षकाचे पहिले काम.

मग भीती नाही आणि भ्रमही नाही, अशी समजूत माणूस आणि जनावर यांच्यात असू शकते काय? असू शकते. आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या उत्तरेस याओ लोक राहतात. तेथील रानात माणसाला मधाची वाट दाखवणारा एक लहानसा पक्षी आहे. तो पाळलेला नाही, पिंजऱ्यातला नाही, रानातला मोकळा पक्षी आहे. मध काढणारा याओ माणूस रानात शिरताना 'ब्र्र्र' असा कंप देऊन शेवटी 'हं' असा हुंकार टाकतो. तो ऐकून हा पक्षी येतो, चिवचिवाट करतो, झाडामागून झाड पुढे उडत मोहोळाच्या झाडापर्यंत नेतो. माणूस धूर करतो, कुऱ्हाडीने ढोली फोडतो आणि मध घेतो. मेण पक्ष्याच्या वाट्याला येते. एकट्या माणसाला मोहोळ सापडणे कठीण आणि एकट्या पक्ष्याला ढोली फोडणे अशक्य. अभ्यासकांनी हे मोजले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ही खास हाक दिली असता पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली, आणि मोहोळ मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेली.

टांझानियातील हाड्झा लोक ह्याच जातीच्या पक्ष्याला निराळी हाक देतात; ते शीळ घालतात. २०२३ साली असे दिसून आले की, प्रत्येक ठिकाणचे पक्षी आपापल्या भागातील माणसांची हाक अधिक ओळखतात. हा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात वाढतो. मायबापांच्या पंखाखाली तो राहत नाही. म्हणजे कोणत्या माणसाची हाक कोणती, हे त्याने उघड्या कानांनी शिकावे लागते. याओ माणूस ती हाक वाडवडिलांकडून शिकतो. दोघांपैकी कोणीच मालक नाही. तरीही दोघे शिकतात, दोघांचे पोट भरते. हे केवळ स्वार्थाचे नाते आहे, असे कोणी म्हणेल. असेल. पण त्यात कोणी कोणाला मारत नाही, फसवत नाही, आणि वाट दाखवणाऱ्याचा वाटा कोणी विसरत नाही. आपल्या कितीतरी बलुत्यांच्या व्यवहारात एवढाही न्याय नव्हता!

येथे एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. जनावरावर प्रेम म्हणजे जनावराची पूजा नव्हे. ज्या समाजात गाईला माता म्हणत, त्याच समाजात महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत आणि आपल्या माणसांना ते पाणी बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन करून तो अन्याय जगापुढे मांडला. जी दया माणसाला वगळते तिला मैत्री म्हणता येत नाही. आणि जी मैत्री माणसापाशीच थांबते तीही अपुरीच राहते.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हाच विषय मुळापासून सोडवला आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण त्यांच्याकडे आले. तथागतांनी त्यांना गवत, झाडे, किडे, मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी दाखवले. ह्यांच्यात जन्माने आलेल्या निरनिराळ्या खुणा आहेत. माणसामाणसांत डोळा, कान, नाक, हात, पाय यांत तशी खूण नाही. शेतकरी शेती करण्याने शेतकरी होतो, कारागीर कारागिरीने होतो. पाहा, जनावरांकडे नीट पाहिल्याने माणसाविषयीचे सत्य कळले! ज्यांनी पोथीत पाहिले त्यांना माणसात जाती दिसल्या. ज्यांनी उघड्या डोळ्यांनी सृष्टी पाहिली त्यांना माणूस एक दिसला.

आता हान्स घोड्याच्या दुसऱ्या बोधाकडे वळू. हा बोध थेट आपल्या घराचा आहे.

आपण दीक्षा घेतली. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. मुलांना त्रिसरण शिकवले. पण जुने देव कोठे गेले? काही घरांत ते अजून पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेले आहेत. मूल तापाने फणफणले की आई तोंडाने वंदना म्हणते आणि नजर मात्र त्या पेटीकडे जाते. मांजर आडवे गेले की 'आम्ही असले काही मानत नाही' असे म्हणणारा बाप क्षणभर पाऊल अडखळतो. मांजर बिचारे आपल्या कामाला निघालेले असते. त्याला तुमच्या कामाशी काय देणेघेणे? पण बोट धरून चालणाऱ्या मुलाला ते अडखळणे हातातून कळते. एका घोड्याला माणसाच्या डोक्याची तसूभर हालचाल कळते, तर नऊ महिने पोटात आणि वर्षानुवर्षे मांडीवर वाढलेल्या लेकराला तुमच्या मनातली भीती कळणार नाही काय? मूल तुमच्या शब्दांतून पाठ केलेला धम्म घेते आणि तुमच्या देहातून जगलेला धम्म घेते. दोहोंत अंतर असेल तर ते दुसराच खरा मानते. उद्या ते मूल मोठे होईल आणि पेटी न पाहताही पेटीला भिईल.

तेच काठीचे. बैलाला मारणारा हात संध्याकाळी घरी येतो. पाढा चुकला म्हणून तोच हात पोरावर उठतो. पोर पाढा शिकत नाही, हात शिकते. मग ते खरे बोलायचे सोडून देते, चूक लपवते, प्रगतिपुस्तक दडवते. पेस्साने सांगितलेला गुंता आपल्याच घरात आपल्याच हाताने तयार होतो. शिक्षणाकरिता बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. त्या शिक्षणाची गोडी आपल्या मुलाला भीतीतून लागेल काय?

म्हणून उपासक-उपासिकांनो, चार गोष्टी करा. दारच्या एखाद्या प्राण्याकडे, मग ती शेळी असो, कोंबडी असो की गल्लीतला कुत्रा असो, रोज थोडा वेळ नुसते पाहा. मुलांना बरोबर घ्या. ते जनावर काय सांगते आहे हे ओळखायला मुलांना सांगा आणि त्यांचा अंदाज बरोबर ठरतो का, तेही त्यांनाच तपासू द्या. दुसरे, घरच्या जनावरावर महिनाभर काठी उगारायची नाही असे ठरवा आणि त्याच्यात काय फरक पडतो ते पाहा. तिसरे, तोच नेम मुलांच्या बाबतीत करा. चौथे, पेटीतले गाठोडे रात्री गुपचूप नदीत सोडू नका. दिवसा, मुलांच्या देखत, ते बाहेर काढा आणि त्यांना शांतपणे सांगा की, आम्ही ह्याला भीत होतो, आता भीत नाही. ते सांगताना तुमचा हात कापला नाही पाहिजे, कारण मुले तुमच्या शब्दांपेक्षा हाताकडेच पाहत असतील. कापत असेल तर आधी स्वतःच्या मनाशी बसा, विचार करा, विहारात जाऊन शंका विचारा आणि मगच गाठोडे सोडा.

मैत्री भावना करताना आपण सर्व प्राणी सुखी होवोत असे चिंतितो. ते चिंतन डोळे मिटून होते. दिवसभर मात्र डोळे उघडे ठेवून समोरच्या जिवाकडे पाहायचे असते. जनावर आपल्याशी कधी खोटे बोलत नाही. ते काय सांगते आहे हे ज्याला ऐकू येऊ लागले, त्याला आपल्या घरातील लहानग्याचे, म्हाताऱ्या आईचे, दिवसभर राबणाऱ्या पत्नीचे न बोललेले शब्दही ऐकू येऊ लागतील. पहिले शील तेथे पुरे होते.

जयभीम! नमो बुद्धाय!